घाडीमामा वाट सांगतात

आमच्या लालबागच्या चाळीत कोणी गेलं, की डॉक्टरच्याही आधी घाडीमामांना हाक जायची. मामा यायचे, मेलेल्याच्या कानाशी मांडी घालून बसायचे आणि त्याला गावी जायची वाट सांगायचे.

"भाऊच्या धक्क्यार जा. तिकीट काढू नको, आता तुका कोण इचारतलो? बोट लागली तर आवळो चघळ. देवगडाक उतार. वाट चुकां नको, म्हाराजा!"

मामा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते, पण त्यांचं घराणं गावाकडे देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या घाड्यांचं. माणूस मुंबईत मेला तरी त्याचा जीव कोकणात पोचलाच पाहिजे, नाहीतर तो इथेच नाक्यावर घोटाळत राहतो, हे त्यांचं ठाम मत. "हय आधीच गर्दी काय कमी आसा?" असं वर मलाच विचारायचे. मी कचेरीतला कारकून, चार बुकं शिकलेला. मला हसू आवरत नसे.

एकदा बाबू मेस्त्रीच्या दहाव्याला कावळा शिवेना. मामांनी कपाळावर हात मारला. "आयशीक! ह्येका मी विजयदुर्गाक उतरवलंय. ह्येचो गाव देवगडाकडचो!" लगेच तिथेच हात जोडून त्यांनी बाबूची माफी मागितली आणि त्याला पुढच्या बोटीत बसवलं. कावळा शिवला. कावळ्याला भूक लागली असेल, असं मी म्हणालो, तर आईने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एका दुपारी आमच्या बाजूला गोळीबार झाला. गोळी लागलेल्या एका अनोळखी माणसाला लोकांनी उचलून चाळीच्या तळमजल्यावर आणलं. आईने आपलं लुगडं फाडून त्याच्या पोटाला बांधलं. मामा उशाशी बसले.

"झिला, तुझो गाव खंयचो रे?"

त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. थोड्या वेळाने श्वासही थांबला. खिशात विडीच्या बंडलाशिवाय काही नव्हतं. ना नाव, ना गाव. अशा माणसाला कुठल्या बंदरात उतर म्हणून सांगणार? मामा ते बंडल उलटसुलट करून त्यावर काही लिहिलंय का, ते बघू लागले.

"राहू द्या, मामा," मी म्हणालो.

"रवांदे कसा? वाटेरच रवतलो तो."

मग ते त्याच्या कानाशी वाकले.

"आयक. मालवणाक उतार. पिंपळाकडसून डाव्या हातान वर चढ. पयला घर माझा. खळ्यात म्हातारी बसलेली आसतली, ती माझी आये. तिका डोळ्यांनी दिसणा नाय. नऊ वर्सां माझी वाट बघता. तू काय बोलां नको. नुसतो तिच्या बाजूक बस. मीच इलंय, असा समाजतली."