आज्ञावहीची मोहर आणि म्हाळसाबाईंच्या पदराची गाठ

श्री. जे एक अक्षर जागी असता सकळ राज्य चालते आणि जे एक ढळता सकळ राज्य थांबते, त्या अक्षरास वंदन करून लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे सुमारास वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

गणकयंत्राचे पोटी एक राज्य आहे, टोपीकर त्यास कर्नेल म्हणतात, आपण गाभा म्हणू. तेथे एक मूळ आज्ञावही, आणि हुकूम बजावणाऱ्या जासुदांनी ती ओळीमागून ओळ वाचावी आणि वाचले तैसे वागावे, आपली अक्कल चालवू नये, ऐसा दंडक. आणि राज्यास कोठे दुखते खुपते ते पाहावयास म्हाळसाबाई नाडीकर नेमिल्या होत्या. त्यांची रीत ऐसी की, संशयाचे ओळीतील एक अक्षर उचलून पदराचे गाठीस बांधावे आणि त्या जागी लाल ठिपका ठेवावा. मग जासूद ठिपक्यापाशी थबके, बाई त्याची झडती घेत, उचललेले अक्षर त्यास वाचून दाखवीत आणि तो पुढे जाई. काम सरले म्हणजे माथ्यापासून ओळी मोजून अक्षर स्वस्थानी ठेवीत. परंतु ठिपक्यासाठी, वहीत कोणी लिहू नये म्हणून लाविलेली मोहर काढावी लागे, आणि काढलेली मोहर दिवस दिवस तैसीच राही.

त्या मासी राज्यास तीन वेळा मूर्च्छा आली. जासूद जागीच उभे राहिले आणि वहीत भलतेच अक्षर निघाले. मग नकलेवरून वही शुद्ध करून राज्य पुन्हा उभे केले आणि दरबार भरला. मुद्राधारी केसोपंत बोलिले, "बाई, वैद्य रोग्याचे छातीवर उघडी सुरी ठेवून जेवावयास जातो काय? मोहर उघडी, येणारा जाणारा हात पुसतो वहीस!" बाई म्हणाल्या, "मग सुरी मोडा पंत, आणि रोग तुम्ही सांगा. बंद वही तुमच्याशी बोलत असेल." पंत म्हणाले, "बोलत नाही, पण मरतही नाही." तेव्हा सरकारांनी आज्ञा केली की, मोहर कायमची लागावी, आणि तीन दिवसांत वहीस धोका न देता नाडी पाहण्याची तजवीज न निघाल्यास नाडीकरांचे पद मोडावे.

बाईंनी दोन दिवस विचार केला आणि मग भिंतीस एक झरोका पाडविला, त्यातून मोहर न काढिता वहीचे हवे ते पान दिसे. झरोका एका अक्षरापुरता उघडावा, तोवर सर्व जासुदांनी उभे राहावे, आणि लिहिण्याआधी त्या जागी काय आहे ते बाईंनी सांगावे. पंतांनी पाहून तसेच असल्यासच लेखणी आत जावी, आणि लगेच झरोका बंद. पंत म्हणाले, "हे मजला मान्य."

तिसरे दिवशी बाई एक जुने अक्षर परत ठेवावयास आल्या. पंतांनी पुसले, "तेथे काय आहे?" "लाल ठिपका." पंत वाकले, पुन्हा वाकले आणि म्हणाले, "बाई, येथे ठिपका नाही, येथे 'ल' आहे. ठिपका खालचे ओळीत आहे." बाईंनी माथ्यापासून ओळी पुन्हा मोजिल्या. वहीचे माथ्यावर गेल्या मासी एक ओळ वाढली होती, आणि त्या जुन्याच हिशेबाने मोजीत होत्या. म्हणजे मूर्च्छेच्या तीनही वेळा ठिपका तैसाच राहिला, आणि वरचे ओळीतले चांगले अक्षर गेले. पंतांस हे उमगले नव्हते. झरोका बंद होत होता, गप्प राहता येत होते.

बाई म्हणाल्या, "पंत, वहीस हात पुसणारा सापडला."

"कोण तो?"

बाईंनी पदराची गाठ सोडून अक्षर पुढे केले. "हा हात."

पंतांनी बंद होणारा झरोका हाताने धरिला. मग म्हणाले, "झरोका उघडा ठेवितो. बरोबर ओळ दाखवा." आणि दरबारी स्वतः अर्ज केला की, ज्या हाताने आपली चूक स्वतः दाखविली तो हात मोडू नये, झरोक्याआड ठेवावा. सरकारांनी मान्य केले.

तात्पर्य, त्यानंतर मोहर लागलेली राहिली, नाडीही पाहिली गेली, आणि राज्यास या कारणे मूर्च्छा आली नाही. बाई आता ओळी मोजीत नाहीत, जागी काय आहे ते पंतांस पुसून घेतात. इतके वर्तमान.