सगुणाबाईंच्या रिकाम्या डिस्कांची हकीकत

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवून, आणि जिच्या कृपेने दिवा लागतो त्या विजेस हात जोडून लेखन आरंभिले. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सर, माघमास. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. त्या राज्यी महाराज गाण्याचे शौकी, आणि दरबारी गायिका सगुणाबाई, ज्यांच्या गळ्यास एके काळी तोड नव्हती. मग वय जाहले आणि आवाज फाटला आणि बाईंनी गाणे सोडिले. परंतु तारुण्यातले सारे गाणे दप्तरखान्यातील संगणकाचे पोटी एका हार्ड डिस्केत राखून ठेविले होते, आणि दरसाल गादीच्या वाढदिवशी दरबार उघडे तो त्यातल्याच भूपाने उघडे, आणि बाई पुढे बसून आपलाच आवाज ऐकत आणि लोकांची तोंडे न्याहाळीत. एवढेच सुख त्यांस उरले होते. त्या गाण्याची दुसरी प्रत करावी म्हटले तर करू देत नसत. "माझा गळा म्हणजे काय प्रसाद आहे, घरोघर वाटायला?" ऐसे विचारीत.

मग त्या साली केतकीबाई म्हणोन नवी गायिका दरबारी आली, आणि महाराज तिजवर खूश जाहले, आणि तिचे गाणे साठवावयास दोन नव्या डिस्का बसवाव्या ऐशी आज्ञा जाहली. हे सगुणाबाईंचे कानी गेले आणि तळपायाची आग मस्तकी गेली आणि त्या तशाच यंत्रनवीस त्रिंबकपंतांकडे गेल्या. "पंत, तिच्या दोन आणि माझी एक?" पंत म्हणाले, "बाईसाहेब, आपले सारे गाणे एकीत मावते." "मावण्याचे कोण विचारतो? कालची पोर ती! तिला दोन, तर मला तीन." "पण भरणार काय त्यांत?" "ते माझे मी पाहीन. तुम्ही बसवा." पंतांस बाईंच्या जिभेचे मोठे भय. आता यंत्राचे पोटी पॉवर सप्लाय म्हणोन एक पेटी असते, ती बाहेरची वीज घेऊन ज्यास जितकी लागेल तितकी वाटते, आणि तिचे बळ ठरलेले असते, आणि या राज्यातील पेटी जुनी होती. महाराजांनी विचारिले, "पंत, पाच डिस्का पेटीला झेपतील ना?" पंत म्हणाले, "न झेपायला काय सरकार, एकदा फिरू लागली म्हणजे डिस्क खाते किती? चिमणीएवढे." हिशेब खोटा नव्हता, अर्धा होता. तरी मनात पाल चुकचुकली म्हणोन पंत म्हणाले, यंत्र सुरू होताना डिस्का एकदम न उठवता एकीमागून एक उठवू. सगुणाबाई म्हणाल्या, "तिच्या मागून? मी?" आणि केतकीबाई म्हणाली, "मग मी तरी का खोळंबू?" मग पंतांनी कपाळ पुसले आणि पाचही एकदम उठतील ऐसे केले.

मग वाढदिवस आला आणि दरबार भरला, आणि सगुणाबाई हिरवा शालू नेसून पुढे बसल्या, आणि केतकीच्या अंगावर कोणता शालू आहे ते त्यांनी दोनदा वळून पाहिले, आणि महाराजांनी मान हलविली आणि पंतांनी कळ दाबिली आणि पाचही डिस्का घूं करून उठल्या आणि मग पॉवर सप्लायचे

हे त्याच यंत्रावर लिहीत असता ते पुन्हा बसले, सबब वाक्य तुटले. तुटलेले तैसेच ठेविले आहे. पुढील मजकूर शाईने.

यंत्राचा दिवा लुकलुकला आणि विझला. पंतांनी पुन्हा कळ दाबिली, पुन्हा उठणे आणि पुन्हा बसणे, आणि दरबार खाकरू लागला, आणि केतकी पदराआड हसली ऐसे सगुणाबाईंस वाटले. मग पंतांचे ध्यानी आले आणि ते बाईंजवळ येऊन हळूच म्हणाले, "फिरती डिस्क थोडे खाते, पण उठताना तीच राक्षसासारखी खाते. पाचजणी एकदम उठतात, पेटी कुणालाच पुरी पडत नाही. काही काढाव्या लागतील." "मग तिच्या काढा." "बाईसाहेब, आपल्या दोन रिकाम्या आहेत." "हळू बोला!" "रिकामी डिस्कदेखील भरलेलीइतकेच खाते हो." बाईंनी दरबाराकडे पाहिले. आत्ता काढल्या तर रिकाम्या होत्या हे साऱ्यांस कळेल, आणि सर्वांआधी तिला. म्हणाल्या, "आधी तिच्या. नाही तर तशीच दाबा कळ." पंतांनी भिऊन तशीच दाबिली. मग सगुणाबाईंच्या जुन्या डिस्केतून टक् टक् ऐसा आवाज आला आणि मग तोही थांबला. पंत खाली बसले, तीस कान लावला, मान हलविली. बाईंचा चेहरा उतरला. "पंत," त्या म्हणाल्या, "माझा गळा दुसऱ्यांदा गेला."

मग केतकीबाई उठली. "पंत, माझी दुसरी डिस्क एकटीच लावा." सगुणाबाई म्हणाल्या, "झाले! आता हिच्या गाण्याने दरबार उघडणार." पंतांनी बाकी चौघींच्या वायरी काढल्या आणि कळ दाबिली आणि यंत्र सुखाने उठले, आणि भूप सुरू जाहला, आणि तो आवाज सगुणाबाईंचा होता, तारुण्यातला, पाण्यासारखा. गाणे सरले तेव्हा बाई म्हणाल्या, "हे तुझ्याकडे कसे?" "पंतांकडून उतरवून घेतले." पंत जमिनीकडे पाहू लागले. "चोरून?" "चोरून. रोज ऐकते. शेवटची ती तान घोटून घोटून जीव जातो, पण येत नाही. मग तुमचा असा राग येतो! वाटते, ही बाई माझ्याआधी जन्मलीच का." सगुणाबाई पुढे सरल्या. "कोणती तान? धैवतावरून उतरते ती?" "तीच." "ती नाहीच येणार तुला," बाई म्हणाल्या, आणि बहुत दिवसांनी त्यांचे तोंड खुलले.

मग त्यांनी भर दरबारात सांगितले, "पंत, माझ्या त्या दोन रिकाम्या काढून न्या. आणि यापुढे यंत्र सुरू होईल तेव्हा सर्वांआधी हिची ही डिस्क उठवा. हिला वीज कमी पडली तर तुमची धडगत नाही." केतकी म्हणाली, "अगबाई! आज माझा एवढा मान?" सगुणाबाई शालू सावरीत म्हणाल्या, "तुझा कोण करतो?"

येणेप्रमाणे जाहले. पॉवर सप्लायचे बळ फिरणाऱ्यांवरून जोखू नये, उठणाऱ्यांवरून जोखावे. मोठा मागविला आहे, तो अद्याप घाटाखाली अडकला आहे. दोघी एकमेकींस अद्याप पाण्यात पाहतात, आणि डिस्का पाळीपाळीने उठतात.