सांता बेलिनाचे पास्कल अंकल

त्या दुपारी शारजाच्या आभाळात ढगाचं चिटोरंही नव्हतं, आणि पास्कल अंकलनी बाल्कनीत वाळत घातलेले आमचे सगळे कपडे आत आणून सोफ्यावर टाकले. चादरी अजून ओल्या होत्या.

"वहिनी, वादळ येतंय," ते आईला म्हणाले.

आईने बाल्कनीतून डोकावून पाहिलं. "कुठं?"

"सांता बेलिनाला."

सांता बेलिना हे फिलिपिन्समधलं समुद्रकाठचं छोटंसं गाव. स्वतःची नगरपालिका आहे, एवढाच त्याचा मोठेपणा. अंकल मूळचे वसईचे. सांता बेलिनाला ते आयुष्यात एकदाही गेले नव्हते. शारजाच्या रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती, आणि माझे बाबा ज्या हॉटेलात इलेक्ट्रिशियन आहेत तिथल्याच लॉन्ड्रीत ते काम करायचे.

मला हे नीट लिहिता येईल की नाही, खात्री नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण एक सांगू शकते. एखाद्या गोष्टीबद्दल इतकं ठाऊक असलेला माणूस मी कॉलेजातही पाहिलेला नाही.

त्यांच्या खोलीतलं घड्याळ चार तास पुढे असायचं. संध्याकाळी चारला आईने चहा विचारला की म्हणायचे, "आठ वाजले वहिनी. आता चहा घेतला तर जेवण जाणार नाही."

"मग जेवायला बसा."

"पोळ्या कुठं झाल्यात?"

मग बिचारे मुकाट्याने चहा घ्यायचे.

'आमच्याकडे' हा त्यांचा लाडका शब्द. आमच्याकडे ताजे मासे आले की किनाऱ्यावर शंख फुंकतात. आमच्याकडे नगरपालिकेच्या खालच्या दोन पायऱ्या उधाणाच्या भरतीला पाण्यात जातात, म्हणून कारकून चपला वरच्या पायरीवर काढतात. आईने एकदा विचारलं, "आमच्याकडे म्हणजे वसईला का हो?" अंकलनी हात झटकला. "वसईला आता काय राहिलंय? घर विकलं, वाडी गेली, तिथं बिल्डिंग झाली. खलास!"

आमच्या लिफ्टमध्ये शिरलेल्या माणसाला ते कोणत्याही मजल्यापर्यंत सांता बेलिनाची भरती-ओहोटी सांगायचे. माझा धाकटा भाऊ म्हणायचा, "अंकल, दिस इज शारजा." त्यावर ते गंभीरपणे म्हणायचे, "हो ना. इथली भरती मला नाही माहीत."

हे सगळं त्यांना नेनिताने सांगितलं होतं. नेनिता लॉन्ड्रीत त्यांच्याबरोबर होती. हॉटेलच्या मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, चालत जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा मागे जायचं. सतरा वर्षं हे दोघे असे चालले. जवळ आलं की एक वाक्य ती तिच्या गावाचं सांगायची, पुढच्या चादरीला एक हे वसईचं. मग तिची आई अंथरुणाला खिळली आणि नेनिता सांता बेलिनाला परत गेली. अंकलनी घड्याळ पुढे केलं ते तेव्हा.

यंदा अंकलचीही नोकरी संपत आली. महिनाअखेर व्हिसा रद्द. कंपनी परतीचं तिकीट देणार होती; कुठल्या शहराचं, ते फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. फॉर्म आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता, तेवढी जागा कोरी ठेवून. अंकल कुठलाही फॉर्म आधी पेन्सिलीने भरायचे, आणि ही जागा तर पेन्सिलीनेही भरली नव्हती. ऑफिसातला माणूस रोज फोन करायचा, "यल्ला अंकल, लवकर शहराचं नाव द्या!" वसईहून पुतण्याचा निरोप होता, या, हॉलमध्ये झोपायची सोय करू.

"नेनिता काय म्हणते?" आईने विचारलं.

"ती म्हणते, ये. पण ते म्हणायला म्हणते. मी तिथं कोण?"

नेमका तेव्हाच मला कॉलेजात प्रोजेक्ट मिळाला. आपण न पाहिलेल्या एका लहान गावाची ओळख लिहायची, कोणाची तरी मुलाखत घेऊन. मला शोधावं लागलंच नाही. तीन दिवस रोज संध्याकाळी अंकल सांगत होते आणि मी लिहीत होते. माझा हात दुखायला लागला, पण त्यांचं गाव संपेना.

प्रोजेक्ट देण्याआधी मी तो वर्गातल्या जॉयला वाचून दाखवला. जॉय त्याच किनाऱ्यावरची. ती ऐकता ऐकता मान डोलवत होती, आणि एका ओळीवर हसायलाच लागली. "मासे दोरीवर सुकवतात? कोण? आम्ही मासा चिरतो, मीठ लावतो आणि बांबूच्या ताटीवर आडवा घालतो. दोरीवर कपडे घालतात!"

अंकलना हे सांगू की नको, यात माझे दोन दिवस गेले. रविवारी ते चर्चहून आले तेव्हा सांगितलं.

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "वलांडी."

"काय?"

"बांबू रोवून दोऱ्या बांधतात ना, बोंबील सुकवायला, ती वलांडी. जोडी करून टांगायचे. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवायचं, एक दोरीच्या अलीकडे, एक पलीकडे. ते आमचं वसईचं आहे, पोरी." त्यांनी चष्मा काढला. "दोन्ही गावं एकाच घडीत गेली बघ. तिचं कुठलं, माझं कुठलं, मलाच कळेना. खोड ती ओळ."

मग उठून त्यांनी फ्रिजवरचा फॉर्म काढला, माझी पेन्सिल घेतली आणि कोऱ्या जागी 'मुंबई' लिहिलं. "न पाहिलेल्या गावाला आमच्याकडे म्हणत होतो. खुळा माणूस."

मला फार वाईट वाटलं. मी नसतं सांगितलं तर? पण ओळ खोडण्याआधी एकदा गावातल्याच माणसाला विचारावं, असं सरांनी सांगितलं होतं. मी अंकलची परवानगी घेऊन त्यांच्याच फोनवरून नेनिताला लिहिलं की प्रोजेक्टसाठी मासे सुकवण्याचा एक फोटो हवा आहे.

फोटो तासाभरात आला. किनाऱ्यावर बांबूच्या ताट्याच ताट्या, त्यांवर चिरलेले मासे. जॉयचं अगदी बरोबर होतं. पण कडेच्या एका अंगणात दोन बांबू रोवलेले होते. मध्ये दोरी. दोरीवर मासे लटकत होते, शेपटीला शेपटी बांधून, दोन-दोन.

खाली नेनिताने इंग्रजीत लिहिलं होतं, 'हे आमचं अंगण. शेजारी हसतात. मी सांगते, पास्कलच्या गावाला असंच करतात.'

मी फोन अंकलपुढे धरला. त्यांनी चष्मा चढवला. बोटांनी फोटो मोठा केला. दोरी पाहिली, बांबू पाहिले, माशांच्या जोड्या एकेक करून पाहिल्या. त्यांच्या ओठांचं काहीतरी व्हायला लागलं, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

"ढिली बांधलीय," ते एकदम तक्रारीच्या सुरात म्हणाले. "दोरी मधे झोळ खातेय. आणि या माशाचं तोंड अडकत नाही, तर शेपट्या बांधून ठेवल्यात! याला काय अर्थ आहे? भरतीचा वारा आला की सगळं वाळूत."

"मग कळवू का त्यांना?"

"कळवून नाही जमत ते. समोर उभं राहून दाखवावं लागतं. एक टोक तिने धरायचं, एक आपण ताणायचं."

त्यांनी टेबलावरचा फॉर्म जवळ ओढला आणि 'मुंबई'वर बोट ठेवलं.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्याकडे खोडरबर आहे का गं?"