शेवंताचे खूर आणि घडीचा फोन

एका जंगलात... मुलांनो, तो फोन आधी पालथा ठेवा पाहू. पालथा म्हणजे पडदा जमिनीकडे. हं. आता माझ्याकडे बघा. बघवत नसेल तरी बघा.

तर एका जंगलात एक पाणवठा होता आणि त्या पाणवठ्याला येणारा हरणांचा एक कळप होता. कळपात शेवंता नावाची हरिणी राहायची. तिला एकच पाडस होतं. त्याचं नाव ठिपक्या. त्याच्या आधीचं पाडस गेल्या उन्हाळ्यात बिबळ्याने नेलं होतं. तेव्हापासून शेवंताच्या डोक्यात दुसरा विचारच नव्हता. ठिपक्या मोठा व्हावा, बस्स.

त्या कळपाची एक जुनी रीत होती. पाणी पिताना सगळ्यांनी माना खाली घालायच्या, पण एकाने घालायची नाही. त्याने मान वर ठेवून चौफेर बघत राहायचं. रोज एकाची पाळी. ज्याची पाळी तो सगळ्यांचं पिऊन झालं की शेवटी प्यायचा. शिवाय वर जांभळीवर झिपरू नावाचा वानर बसलेला असायचा. बिबळ्या दिसला की तो असा खेकसायचा, की बहिऱ्यानेही पळावं. मग सगळे धूम ठोकायचे. हरणाचे खूर पाहिलेत कधी? टणक, टोकदार, खडकावर घट्ट धरणारे. त्या खुरांवर तर तो कळप जगत होता.

तुम्ही म्हणाल, छान चाललं होतं की. हो, छानच चाललं होतं. म्हणून तर सुधारणा करायची गरज पडली.

एके दिवशी जंगलात तरसशेठ आले. तरस काय खातो, ठाऊक आहे ना? बिबळ्या खाऊन उरतं ते. तर हे तरसशेठ फोनची एजन्सी घेऊन आले. अंगात जाकीट, तोंडात साखर.

"ताई," ते शेवंताला म्हणाले, "मान वर करून करून मणके झिजतात. आता झिपरूभाऊ वरून फोन करतील. बिबळ्या कुठे आहे ते बसल्या जागी कळेल. पाडसाची काळजी मिटली म्हणून समजा."

"आणि द्यायचं काय?" शेवंताने विचारलं.

"तुमच्याकडून काय घ्यायचं, ताई? कळप असाच वाढू द्या. माझं मला मिळतं त्यातून."

केवढं मोठं मन, असं कळप पुढचे चार दिवस म्हणत होता.

पहिला फोन आला तो विटेएवढा. वजनही विटेचं. डोक्यावर काठीएवढी तार. तो वेलाने गळ्यात बांधायचा. बांधला की मान आपोआप खाली. शेवंताची मान आठ दिवसांत आखडली. पण खरं बोललं पाहिजे, तो फोन वाजायचा. एकदा तर बळवंतराव सांबर जीव घेऊन पळत असताना वेल तुटला आणि गळ्यातली वीट उडून थेट बिबळ्याच्या नाकावर बसली. बिबळ्या आठवडाभर शिंकत होता. फोनने कुणाचा जीव वाचल्याची त्या जंगलातली ही एवढी एकच घटना.

साहजिकच ते मॉडेल बंद झालं.

"एवढा मोठा फोन?" तरसशेठ आता म्हणायला लागले. "शेजारच्या जंगलात हसतात हो." मग फोन आला पेरूएवढा, मग लिंबाएवढा, मग आवळ्याएवढा. ज्याचा फोन लहान, तो मोठा माणूस. म्हणजे मोठं हरीण. बटणं इतकी बारीक, की एका खुराखाली नऊ बटणं दबायची. शेवंता झिपरूला फोन लावायची आणि तो जायचा डोंगरापलीकडच्या अस्वलाला. अस्वल बिचारं सभ्य होतं. रोज म्हणायचं, "चुकीचा नंबर, बाई. पण बिबळ्या इकडे नाही, एवढं सांगतो."

बळवंतरावांनी तर आपला फोन गवताबरोबर गिळून टाकला. तीन दिवस त्यांचं पोट वाजत होतं. झुडपामागे लपले की नेमका कुणाचा तरी फोन यायचा. चौथ्या दिवशी बिबळ्याने त्यांना गाठलं, शोधावं लागलंच नाही. तरसशेठ दुखवट्याला आले ते दुपार टळेपर्यंत थांबले. जाताना मिशा पुसत म्हणाले, "फार लहान केला होता फोन. कंपनीची चूक झाली. नवा बघा."

नवा होता काचेचा. बटण म्हणून नाही. नुसतं बोट फिरवायचं. झिपरूला बोटंच बोटं, त्याला काय. हरणांनी काचेवर खूर ठेवला, फोन ढिम्म. दाबला, तरी ढिम्म. शेवंताची शेजारीण हिराई जरा तापट. तिने टाप मारली, काच तडकली.

"फोन बिघडलेला आहे," शेवंता म्हणाली.

तरसशेठ हसले. "ताई, फोन नाही बिघडलेला. तुमचे खूर जुन्या पद्धतीचे आहेत. आता सगळीकडे मऊ बोटं चालतात."

"मग असा फोन आम्हाला दिलात कशाला?"

"तुम्ही मागे पडू नये म्हणून."

दुसऱ्याच दिवशी पाणवठ्याशेजारी साळिंदराने दुकान थाटलं. इथे खूर तासून मिळतील. साळिंदराचे दात म्हणजे काय विचारता, ते हाडंसुद्धा कुरतडतं. कळप रांगेत उभा राहिला. खूर तासला की खाली मऊ गुलाबी मांस निघायचं आणि फोन ते लगेच ओळखायचा. चालताना खडे टोचायचे. पण आता चालायचं होतं कुठे? चांगल्या कुरणांचे फोटो फोनवर येतच होते.

शेवंता आठ दिवस गेली नाही. तिला कळत होतं, मुलांनो. ती काही वेडी नव्हती. खूर कशासाठी असतात ते तिला गेल्या उन्हाळ्यात नीट समजलं होतं. पण तिकडे झिपरूने खेकसणं सोडलं होतं. "घसा बसतो माझा," तो म्हणायचा, "मेसेज टाकतो ना." मान वर ठेवायची पाळीही बंद पडली, फोन असताना तहानलेलं कोण उभं राहणार? बिबळ्याची बातमी आता फक्त काचेत यायची आणि ती काच शेवंताला उघडत नव्हती. नवव्या दिवशी ती रांगेत उभी राहिली. दुखलं. फार दुखलं. पण ठिपक्या बघत होता, म्हणून ती रडली नाही.

"पोराचेही उरकून टाकू?" साळिंदराने विचारलं. "कोवळेपणी लवकर होतं."

"त्याचं राहू द्या," शेवंता म्हणाली. "त्याला अजून फोन कुठे दिलाय?"

रांगेत कुजबुज झाली. हिराई तर तोंडावर म्हणाली, "पोराला अडाणी ठेवणार का गं?" ते बोलणं शेवंताला लागलं.

इकडे फोन पुन्हा मोठे व्हायला लागले. लहान फोन म्हणजे दरिद्रीपणा, असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला विचारू नका. असं कुणी ठरवत नसतं, ते आपोआप ठरलेलं असतं. फोन ताटाएवढा झाला, मग परातीएवढा. तोंडापुढे परात धरल्यावर समोरचं काही दिसेना. त्यावर उपाय म्हणून फोनमध्येच समोरचं दाखवायची सोय केली. मग तक्रार आली, की एवढं धूड न्यायचं कसं. तेव्हा तरसशेठांनी घडीचा फोन आणला. मिटला की आवळा, उघडला की परात. आतापर्यंतच्या सगळ्या चुका एकाच फोनात. तो उघडून धरायला पुढचे दोन्ही पाय लागत, म्हणून फोन बघताना हरणाने ढुंगणावर बसायचं.

बसून राहिलेला हरणांचा कळप बिबळ्याने जन्मात पाहिला नव्हता. यात काही कावा असेल म्हणून तो दोन दिवस नुसता गवतातून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याची खात्री पटली.

त्या दिवशी सगळा कळप पाणवठ्यावर बसला होता. पाणी कुणी पीत नव्हतं, सगळ्यांचे फोन उघडे होते. एकटा ठिपक्या काठाशी पाणी पीत होता, कारण त्याला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. जांभळीवरून झिपरूला बिबळ्या दिसला. झिपरू कर्तव्याला चुकला असं कुणी म्हणू नये. त्याने लगेच फोटो काढला. पहिला बरा आला नाही, ऊन समोरून येत होतं. दुसरा झकास आला. तो त्याने सगळ्या कळपाला पाठवला आणि खाली लिहिलं, "काळजी घ्या."

शेवंताच्या फोनवर फोटो आला. काय फोटो होता. हिरवं पाणी, पिवळं गवत, गवतात चमकणारे दोन डोळे आणि पुढे वाकून पाणी पिणारं एक पाडस. किती गोड पाडस आहे, शेवंताच्या मनात आलं. फोटो आवडल्याची खूण करायला तिने पाय उचलला. मग तिला त्या पाडसाच्या डाव्या कानामागचा पांढरा डाग दिसला. तो डाग ती रोज सकाळी चाटायची.

तिने मान वर केली. कितीतरी महिन्यांनी केली. आणि ती ओरडली. आवाज घोगरा निघाला, पण निघाला.

ठिपक्याने जागच्या जागी उडी घेतली. त्याच्या चारही खुरांनी दगड धरले आणि तो चढ चढून दिसेनासा झाला. बाकीचा कळप उठला आणि घसरला. ओले दगड आणि गुलाबी तळवे. शेवंता दोनदा पडली, दोनदा उठली. हिराई मात्र फोनची घडी घालत थांबली होती. फोन कोरा करकरीत, तसाच टाकून जायचं म्हणजे जिवावर येतं. बिबळ्याला फार धावावं लागलं नाही.

संध्याकाळी शोकसभा भरली. तरसशेठ आधी हिराईकडे जाऊन मग सभेला आले, त्यामुळे त्यांना थोडा उशीर झाला.

"घडीने घात केला हो," एक म्हातारं हरीण म्हणालं. "सावकाश मिटते ती. हिराईचं मॉडेल पंधरा दिवसांपूर्वीचं होतं."

"एवढं जुनं?" सगळे हळहळले.

शेवंता उभी राहिली. "घडीचं सोडा," ती म्हणाली. "ठिपक्या खुरांमुळे वाचला. हिराईला खूर असते तर तीही वाचली असती."

कुणीतरी आपल्या तळव्याकडे पाहिलं. मग दुसऱ्याने पाहिलं. आता काहीतरी होईल असं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात तरसशेठ म्हणाले, "ताई शंभर टक्के बरोबर बोलल्या. कंपनीचंही हेच म्हणणं आहे. म्हणून हे नवं मॉडेल पाहा. हे फक्त खुरांवर चालतं."

झुंबड उडाली. झुंबड उडाल्यावर लक्षात आलं, की खूर कुणालाच नाहीत. तरसशेठांनी पोतं सोडलं. आत लाकडी खूर होते, गुळगुळीत, पॉलिश केलेले. साळिंदर डिंकाची वाटी घेऊन बसलं आणि कळप रांगेत उभा राहिला.

शेवंताने ठिपक्याला सगळ्यांच्या पुढे नेलं. तिचा ऊर भरून आला होता. अख्ख्या कळपात खरे खूर तिच्या एकट्या पोराचे.

तरसशेठांनी ठिपक्याचा पाय उचलला, पट्टीने मोजला आणि चुकचुकले. "खूर आहेत, पण मापाचे नाहीत. हे आपले पळायचे खूर. फोनचे वेगळे असतात. हे तासून त्यावर नवे चिकटवावे लागतील."

"पण याच खुरांनी तर तो..."

"वाचला, ताई. एकदा. दर वेळी तुम्ही ओरडायला जवळ असाल का? झिपरूभाऊ तर फोनवरच कळवणार. सगळ्या पोरांना कळेल आणि तुमच्या एकट्याला कळणार नाही."

इथे शेवंता अडली. बोलणं खरं होतं. ते खरं कुणी करून ठेवलं, याचा विचार करायला सवड नव्हती, मागे रांग खोळंबली होती. शिवाय मुलांनो, आईला भीती घालायला फार अक्कल लागत नाही. ती निम्मी आधीच घाबरलेली असते.

"आई, मग मी पळू कसा?" ठिपक्याने विचारलं.

"पळायची वेळच येणार नाही रे सोन्या. तुला आधीच कळेल."

आणि तिने स्वतः त्याचा पाय साळिंदरापुढे धरला. ठिपक्या पाय मागे ओढत होता, म्हणून जरा घट्टच धरला. तिला फार वाईट वाटत होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिने पाय सोडला नाही. रांगेतल्या बाकीच्या आया एकमेकींना म्हणाल्या, शेवंता आता कुठे शहाणी झाली.

तात्पर्य: संकट बघायला उगीच मान वर करू नये, काचेत ते जास्त स्वच्छ दिसतं. आणि फोन आपल्या मापाचा नसला तर कुरकुर करू नये. कंपनीला दर पंधरवड्याला सबंध फोन बदलावा लागतो, आपल्याला बदलायचे पाय फक्त चार असतात.