जुन्या सामानाचा कारखाना

माणूस मर्त्य आहे. त्याची लोखंडी खाट मात्र अमर आहे. तिच्यावरून आजोबा जातात, मग आजी जाते, घर बदलते, तरी खाट नव्या घराच्या दारापर्यंत येते आणि दारातून आत शिरत नाही. अशा वेळी सुसंस्कृत माणूस खाट टाकून देत नाही. तो दुसऱ्याची जागा शोधतो.

१९८८ साली मुंबईच्या चारकोपमध्ये ही दुसऱ्याची जागा सहदेव घाडीची होती. संपानंतर गिरणीचे दार काही उघडले नाही, तेव्हा त्याने होते-नव्हते ते घालून औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला. तिथे प्लास्टिकची बुचे बनवायची होती. पण यंत्राच्या आधी शेजारच्या निवासी सेक्टरातल्या द्रौपदीबाई आल्या.

"भाऊ, एवढा पाळणा आठ दिवस ठेवून घ्या. घरात वळायला जागा नाही." (पाळण्यातला मुलगा त्या वेळी दहावीला दुसऱ्यांदा बसला होता.)

पाळण्यामागून खाट आली, खाटेमागून ट्रंका, पितळी घंगाळ, एक हार्मोनियम आणि कुणाचासा लग्नाचा आंतरपाट. यंत्राला जागाच उरली नाही. सहदेव महिन्याला थोडे भाडे घेऊ लागला आणि त्यावर त्याचे घर चालू लागले. माल बनवावा लागत नाही, विकावा लागत नाही, असा धंदा आपल्याला आधी कसा सुचला नाही, याचे त्याला आश्चर्य वाटे.

मग तपासनीस कुंडलिकराव आले. कुंडलिकराव नियमांचे माणूस होते. शहराच्या नकाशात राहण्यासाठी एक रंग होता, कारखान्यासाठी दुसरा, स्मशानासाठी तिसरा. (पाळण्यासाठी रंग नव्हता, नकाशा काढणाऱ्याचे घर मोठे असावे.)

"इथे काय बनतं?"

"बनत काय नाय, साहेब. लोकांचं सामान असतं."

"नुसतं असून कसं चालेल? हा औद्योगिक विभाग आहे. उत्पादन दाखवा, नाहीतर महिन्याच्या आत गाळा रिकामा. त्यानंतर सील."

सहदेव दारोदार फिरला. सामान आपल्याला जिवापलीकडे प्रिय असल्याचे प्रत्येक घरातून सांगण्यात आले. त्यात नेमके काय काय आहे, हे मात्र कुणाला आठवेना. द्रौपदीबाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

"माझ्या पोराचा पाळणा रस्त्यावर टाकणार, भाऊ?"

"टाकत नाय, बाई. घरी घेऊन जा म्हणतो."

"घरी?" त्या थक्क झाल्या. "घरी माणसं राहतात!"

सहदेव घरी आला आणि जेवला नाही. गिरणीच्या गेटावरची नोटीस वाचून परत आलेल्या माणसाला दुसऱ्या नोटिशीत नवे वाचायला काही नसते.

"आता काय करूचा गो?" त्याने बायकोला विचारले.

रत्नप्रभा आधीच तापलेली होती. "कारखानो नाय म्हणता कसो तो मेलो? माझी नवी शिवणाची मशीन थंय गाळ्यात ठेवलात, काढलात तेव्हा भंगार! नव्याचा जुना होता थंय. आणखी कसलो कारखानो होयो त्येका?"

सहदेव हसला. मग हसता हसता थांबला आणि ताट ओढून जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी 'जुने सामान उत्पादन' या उद्योगासाठी त्याचा अर्ज कार्यालयात पोचला. कुंडलिकरावांनी तो दोनदा वाचला. ते हसले नाहीत. हसण्याचा अधिकार त्यांच्या वरच्या साहेबांना होता.

"कच्चा माल?"

"नवं सामान, साहेब."

"यंत्रसामग्री?"

"पावसाळा."

"कामगार?"

"वाळवी कायम. झुरळं बदली कामगार."

"आवाज, प्रदूषण वगैरे?"

"मालक बघायला येतात, तेवढाच रडण्याचा आवाज."

"युनियन?"

"तेवढी नाय, साहेब."

"मग अडचण काय आहे?" म्हणत कुंडलिकरावांनी शिक्का मारला.

परवान्यात एकच अट होती. तयार माल कारखान्यात ठेवता येणार नाही. ठेवल्यास ती साठवण होईल. गाळ्यातले जवळजवळ सगळेच तयार झालेले होते. हातगाड्या लागल्या. खाटा, ट्रंका, आंतरपाट ज्याचे त्याच्या घरी गेले आणि सेक्टरात हाहाकार झाला. द्रौपदीबाईंकडे पाळणा आत घ्यायचा, तर नवे कोरे स्टीलचे कपाट बाहेर काढणे भाग होते. ते कुठे ठेवायचे, हे त्यांना विचारावे लागले नाही. शेजारणींनी तेच केले. चार दिवसांत सहदेवचा गाळा छतापर्यंत भरला, या खेपेला उत्तम दर्जाच्या कच्च्या मालाने.

"कपाट नवं आहे, जपून ठेवा हं, भाऊ," द्रौपदीबाई म्हणाल्या. (त्यांची लुगडी आता पाळण्यात होती.)

"जपून नाय ठेवता येणार, बाई," सहदेव प्रामाणिकपणे म्हणाला. "परवाना जाईल."

तेव्हापासून सहदेव सकाळी डबा घेऊन कामावर जातो. स्टुलावर बसून यंत्रसामग्रीची वाट बघतो. कुणी विचारले तर "कारखान्यात असतो" असे सांगतो. असे सांगताना त्याची मान किती वर्षांनी अशी ताठ झाली, हे एकट्या रत्नप्रभेला ठाऊक आहे.

कुंडलिकरावांना बढती मिळाली असून त्यांच्याकडे आता निवासी विभाग आहे. राहत्या घरात विनापरवाना उत्पादन चालवणे हा गुन्हा आहे, आणि माळे व पलंगांखालच्या जागा तपासण्याचे काम जोरात सुरू आहे. तुम्ही हे ज्यात वाचत बसला आहात, ते पुस्तक संपल्यावर टाकून देणार नाही, पुन्हा उघडणारही नाही. ते कपाटावर, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याशेजारी जाईल. जागा तुमच्या मनात आत्ताच ठरली आहे. दार वाजले, तर निदान कामगार किती आहेत, तेवढे नीट सांगा.