गाडी आधी, विषय मागून

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालायला आलेल्या मुलीला शिवलिंगआप्पा पहिला प्रश्न विचारतात, तो मार्कांचा नसतो.

"माय, गावाकडं शेवटची गाडी किती वाजता?"

मुलगी गोंधळते. ती बिचारी 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द घोकून आलेली असते. आप्पांच्या टेबलाच्या काचेखाली एक पिवळट पुठ्ठा आहे. त्यावर गोलसर अक्षरात गावोगावच्या एसटीच्या वेळा आहेत. आप्पा त्यावरून बोट फिरवतात आणि निकाल देतात, "समाजशास्त्र घे. बाराला सुटतंय. गाडी आधी, इषय मागून."

नव्या शैक्षणिक धोरणावर आमच्या प्राचार्यांनी दीड तास भाषण केलं होतं. विद्यार्थी आता पक्ष्यासारखा मोकळा, हव्या त्या विषयावर उतरणार, असा त्याचा सारांश. पक्षी एसटीने येतात, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आप्पांच्या आलं होतं.

आप्पा आमचे कारकून. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात तीन पेनं, त्यातलं चालणारं एक. पोर्टलवर भरायचा प्रत्येक अर्ज ते आधी कागदावर लिहून घेतात. "लाइट गेली की पोर्टल जातंय. कागद कुटं जातोय?" उमापूरचं चालतं दुकान भावाच्या हवाली करून हा माणूस आमच्या विनाअनुदानित कॉलेजात का आला, हे कोडं कोणी सोडवायच्या भानगडीत पडलं नाही.

मी भूगोल शिकवतो. प्रात्यक्षिकं दुपारी तीन ते पाच. आप्पांच्या कृपेने माझ्या वर्गात मोटारसायकलवाली पोरं तेवढी उरली होती, मुलगी एकही नाही. मी तक्रार केली नाही. लहान वर्गाच्या वह्या लवकर तपासून होतात.

यंदा विषय नोंदवायच्या शेवटच्या दिवशी तलवाड्याची सुवर्णा आली.

"मला भूगोलच पायजे."

"तुजी गाडी तीनची. प्रॅक्टिकल कोण करनार, तुजी आजी?"

"मला नकाशे लई आवडतेत, आप्पा."

"मला जिलबी लई आवडती. डॉक्टर न्हाई म्हनतो."

ती हसली नाही. "वडील म्हनलेत, आज जमलं तर ठीक, न्हाईतर घरी बस. पन भूगोल न्हाई तर मी नावच घालत न्हाई."

मी मध्ये पडलो. "आप्पा, विषय तिचा आहे. तुम्ही कोण अडवणारे?" आवाज जरा चढलाच. माझ्यातले प्राचार्य मलाच ऐकू आले.

आप्पांनी सुवर्णाला पाणी प्यायला पाठवलं. मग पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "सर, माजी गौरी हितंच होती. भूगोलाला. आमी तवा उमापुरात. प्रॅक्टिकल पाचला सुटायचं, म्होरली गाडी सातची. दोनदा पोरीला घरी यायला आठ वाजले. गाव बोलायला लागलं. मीच कॉलेज सोडवलं. वर्षाच्या आत लगीन लावून दिलं."

आप्पांनी काचेवरून पुठ्ठ्यावर बोट टेकवलं.

"हे तिनं लिवलेलं. साडेचारची गाडी हाय आप्पा, सरांना इचारते, पाऊण तास आधी सोडा म्हनून. मला दाखवाया आनलतं. मी बगितलंबी न्हाई."

तिने विचारलं होतं की नाही, ते आप्पांनी सांगितलं नाही. सरांचं नावही घेतलं नाही. तेव्हाही भूगोल मीच शिकवत होतो. मी गौरीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवला नाही.

"आप्पा," मी विचारलं, "तलवाड्याची सकाळची पहिली गाडी किती वाजता येते?"

"साडेआठ." पुठ्ठा त्यांनी पाहिलाही नाही.

"मग प्रात्यक्षिकं उद्यापासून पावणेनऊला."

माझ्या विभागात मी एकटाच. परवानगी माझी मीच घेतली. इतकी वर्षंही ती तिथेच होती.

सुवर्णा परत आली. आप्पांनी चालणारं पेन तिच्या हातात दिलं. "लिव. भूगोल. आन् साडेआठची चुकवलीस तर माज्यासंगं गाठ हाय."

ती लिहीत होती तोवर मी प्रथमच पुठ्ठा नीट पाहिला. बदललेल्या वेळांवर आप्पांनी कागदाचे तुकडे डकवले होते, तुकड्यांवर तुकडे. उमापूरच्या रांगेतले साडेचार मात्र उघडे होते.

"ही गाडी तर कधीच बंद झाली ना?"

"झाली की," आप्पा काच पुसत म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."