मागच्या खोलीची रेंज

बायको माहेरी राहायला निघाली की माणसं काय काय करतात. कुणी रुसतं, कुणी रजा काढतं, कुणी सरळ सांगून टाकतं. मी घरात दुसरा राउटर लावायचं ठरवलं.

(सरळ सांगणं माझ्याच्यानं होत नाही. लग्नाला सहा महिने झाले, पण अजून तिला हाक मारायची झाली की मी नुसता खोकतो. परवा ती माझ्यासाठी औषधाची बाटली घेऊन आली.)

तिच्या जाण्याला कारणही तसंच होतं. ती घरातूनच कॉम्प्युटरवर मुलांना गणित शिकवते. आमच्या वाय-फायचं डबडं पुढच्या खोलीत, टीव्हीच्या मागे. तिथून निघालेली रेंज कशीबशी स्वयंपाकघरापर्यंत येते आणि दमून बसते. मागची खोली शांत, रिकामी, पण तिथे रेंजचा पत्ता नाही. म्हणून ती बिचारी ओट्याशेजारी स्टुलावर बसून शिकवायची. एकदा तिने मुलांना विचारलं, "सांगा, उत्तर किती?" आणि आईच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. उत्तर तीनच होतं. मुलं खूश झाली, पण क्लासच्या मोठ्या मॅडमनी बजावलं, शांत खोली बघा, नाहीतर आम्ही दुसरी शिक्षिका बघतो.

"मी माहेरीच राहते काही महिने," ती म्हणाली. "तिथे घरभर नेट आहे."

"हं," मी म्हणालो. (मनात बरंच काही म्हणालो.)

मी नळाच्या दुकानात काउंटरला असतो. शाळा लवकर सुटली, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट मला पाइपातूनच कळते. मागच्या खोलीत प्रेशर पोचत नाही, तर तिथे एक वेगळी टाकी बसवायची, इतकं सोपं होतं ते. मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

"पहिल्या राउटरपासून दुसऱ्यापर्यंत वायर ओढा," दुकानदार म्हणाला. "आणि दुसऱ्याचं पत्ते वाटणं बंद करा."

"आमच्याकडे पत्ते कुणीच खेळत नाही हो."

"ते पत्ते नव्हेत! प्रत्येक फोनला राउटर आपापला पत्ता देतो. दोघंही द्यायला लागले तर गोंधळ होतो. घरात कारभार एकाकडेच हवा."

हे मला लगेच पटलं. (आमच्याकडे तो आईकडे आहे.)

"आणि पासवर्ड?"

"कुणालाही सुचणार नाही असा ठेवा. तुमच्या तोंडून आजवर कुणी ऐकलंच नसेल, असं काहीतरी."

मी सांगितलेलं तंतोतंत ऐकणारा माणूस. रविवारी दुपारी ती बॅग भरत होती, तेव्हा मी मागच्या खोलीपर्यंत वायर ओढली, दुसरा राउटर जोडला आणि तिथेच बसून फोनवर त्याचं पान उघडलं. सगळं इंग्रजीत. पत्ते वाटणं बंद केलं. मग दोन चौकटी आल्या, एक नावाची, एक पासवर्डची. पासवर्डच्या चौकटीत मी इंग्रजी अक्षरांत भरलं, "तू जाऊ नकोस." भरतानाच कान तापले. दुसरीत नाव टाकलं, "मागची खोली."

राउटरचा हिरवा दिवा लागला. पाठोपाठ आई फोन घेऊन आली.

"अरे, मी नुसती भाजीला चाललेय!"

"मग जा की."

"जा काय? हे बघ, माझ्या फोनवर आलंय, तू जाऊ नकोस."

मी तिच्या हातातला फोन ओढून पाहिला. मी चौकटींची अदलाबदल केली होती. पासवर्ड नावाच्या जागी गेला होता, आणि वाय-फायचं नाव सगळ्या बिल्डिंगच्या फोनवर दिसतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या घरातला भाडेकरू, डोळे पाणावलेले. तो उद्याच घर सोडणार होता.

"दादा, आमचे मालक तोंडावर बोलत नाहीत, पण माया आहे हो त्यांना. हे वाय-फायवर वाचलंत का?"

त्याच्यामागून मालक काका ओरडत आले. "मी नाही लिहिलं! दुसऱ्याकडून ॲडव्हान्स घेऊन बसलोय मी!"

"राहू द्या काका. मला कळलं," असं म्हणून तो बांधलेलं सामान पुन्हा सोडायला गेला.

मी मागच्या खोलीत धावलो. नाव बदलायचं तर आधी राउटरला जोडून घ्यायला हवं, आणि तो पासवर्ड मागत होता. मी टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. मग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकायला लागलो, "तू... जाऊ... नकोस. अरे, नकोस ना जाऊ!"

"कुणाला म्हणताय?"

दारात ती उभी होती.

"राउटरला," मी म्हणालो.

"तो कुठे निघालाय?"

मी खोकलो. तिने माझ्या हातातून फोन घेतला, नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं.

"पासवर्ड नावाच्या जागी गेलाय. म्हणजे नाव पासवर्डच्या जागी असणार. काय ठेवणार होतात नाव?"

"मागची खोली."

तिने टाकलं. रेंजच्या सगळ्या रेघा भरल्या.

"नाव बदलून देतो लगेच," मी हात पुढे केला.

"असू दे." तिने फोन मागे लपवला. "आधी क्लास तर होऊ दे, उशीर झालाय." मग पुढच्या खोलीतून कॉम्प्युटर आणला, आणि जाता जाता बॅग उलटी करून सगळे कपडे पलंगावर ओतले. "नाही जात. घड्या तुम्ही घाला."

मला आभाळ ठेंगणं झालं. तिने कॉम्प्युटर टेबलावर ठेवून काहीतरी दाबलं. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. सहा महिने साठलेलं सगळं आज बोलायचंच, असं ठरवलं आणि एकदाही न खोकता सुरुवात केली, "ऐक ना, तू नसलीस की मला..."

"मॅडम," पडद्यातून एका मुलाचा आवाज आला, "हे काका कोण?"

तिचा चेहरा लालबुंद झाला. "काही नाही रे," ती म्हणाली, "रेंज दुरुस्त करायला आलेत."

मी उठलो. उरलेल्या वायरचं भेंडोळं गोळा केलं आणि दार ओढून घेताना अदबीने म्हणालो, "काही अडचण आली तर कळवा, मॅडम."